एका रस्त्याची दोन राज्यं

माझी नात अमेरिकेत ऱ्होड आयलंड नावाच्या राज्यात नोकरी करते. प्रॉव्हिडन्स हे तिचं गाव. नवीन नवीन गेली तेव्हा रोज एक कौतुक सांगायची. एकदा म्हणाली, "आजी, आमचं राज्य अख्ख्या अमेरिकेत सगळ्यात छोटं आहे. गाडीत बसलं की तासाभरात राज्य संपतं, बोल!"

मी म्हटलं, "त्यात काय? तुझे खापरपणजोबा दुकानातून घरी जेवायला निघाले की राज्य संपायचं."

तिला वाटलं, आजी थट्टा करते आहे. पण थट्टा नव्हती. आज आम्ही खातेगावात असलो तरी आमचं घराणं मूळचं देवासचं. आजेसासऱ्यांचं, म्हणजे घरात ज्यांना सगळे 'दादाजी' म्हणत त्यांचं, दुकान देवासच्या मोठ्या रस्त्याच्या एका बाजूला आणि राहतं घर दुसऱ्या बाजूला. दुकान थोरल्या पातीत, घर धाकट्या पातीत. दोन पाती म्हणजे दोन राज्यं, दोन राजे, दोन कचेऱ्या, दोन फौजा. मधे फक्त रस्ता.

लग्न होऊन मी आले तेव्हा हे माझ्याही पचनी पडलं नव्हतं. माझं माहेर कोल्हापूरकडचं. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी कुंभोजच्या बाहुबलीला यात्रेत भेटली आणि माळव्यातल्या घरी माझं लग्न ठरलं. तेव्हा आमच्याकडे असं लांबचं स्थळ विरळाच. इथे घरात माळवी, बाजारात हिंदी, आणि मराठी बोलायला एकटी मी. सासूबाई देवासच्या गोष्टी सांगायला लागल्या की मला वाटायचं, भाषा कळत नसल्यामुळे मीच काहीतरी चुकीचं ऐकते आहे. पुढे ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकाचं 'द हिल ऑफ देवी' वाचनात आलं. त्यानं लिहिलंय की, हिंदुस्थान कोळून प्यायलेल्या एका इंग्रज बाईनं त्याला ठणकावून सांगितलं होतं, असली व्यवस्था कुठे नाही आणि असूच शकत नाही. मला फार बरं वाटलं. न कळणारी मी एकटी नव्हते तर!

झालं होतं असं. पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या वेळी मराठ्यांच्या फौजा माळव्यात उतरल्या, त्यांत पवार घराण्याची माणसं पुढे होती. त्यांच्यातल्याच एकांनी धार मिळवलं. तुकोजीराव आणि जिवाजीराव या दोघा सख्ख्या भावांना १७२८ च्या सुमारास देवासकडचा मुलूख मिळाला. भावांनी आधी एकत्र कारभार केला. मग वंश वाढला, मनं बारीक झाली आणि वाटण्या सुरू झाल्या. थोरल्या तुकोजीरावांची ती थोरली पाती, जिवाजीरावांची ती धाकटी. इंग्रजांनी १८१८ च्या डिसेंबरात तह केला तो दोघांशी मिळून केला, आणि त्यात दोघांनी एकमतानं वागावं, एकच कारभारी ठेवावा असं कबूल करून घेतलं. सरकारला दोन दोन दरबारांशी पत्रव्यवहार करायचा कंटाळा असणार. पण भावकीतलं एकमत कागदावर आणून टिकतं का? १८४१ पासून दोघांचा कारभार वेगळा झाला तो झालाच.

वेगळा म्हणजे कसा, तर नकाशावर रेघ मारून अर्धं तुझं अर्धं माझं असं नव्हे. हे गाव याचं, शेजारचं त्याचं, अशी सगळी सरमिसळ. राजधानी मात्र दोघांची एकच, देवास. तिथे रस्त्याच्या या बाजूचा दिवा एका राज्याचा, त्या बाजूचा दुसऱ्याचा. पाण्याची सोयसुद्धा वेगवेगळी. १९०१ च्या शिरगणतीत थोरल्या पातीची माणसं भरली ६२,३१२ आणि धाकटीची ५४,९०४. क्षेत्रफळ थोरलीचं ४४६ चौरस मैल, धाकटीचं ४४०. सहा चौरस मैलांचा काय तो थोरलेपणा. तोफांची सलामी तेवढी दोघांना सारखी, पंधरा पंधरा.

नातीला हे आकडे कळवले तेव्हा तिनं लगेच हिशेब केला. ऱ्होड आयलंड पाण्यासकट १,५४५ चौरस मैल, तुमची दोन राज्यं मिळून ८८६. "हरले, आजी," म्हणाली. मी तिला म्हटलं, आजचा आपला नुसता देवास जिल्हा घेतलास तर तो तुझ्या राज्यापेक्षा मोठा आहे. म्हणजे हार-जीत तुम्ही रेघ कुठे मारता त्यावर.

गावावर जी टेकडी आहे तिच्यावर देवीची ठाणी दोन: तुळजाभवानी आणि चामुंडा. लोक मोठी माता, छोटी माता म्हणतात. मराठे आपली तुळजापूरची आई बरोबर घेऊन आले. टेकडीखालच्या रस्त्यानं पुढे जे केलं ते पाहून वर दोन देवी कशा नांदतात हे बघायला मी पहिल्यांदा गेले होते. छान नांदतात.

दादाजींच्या गोष्टी मात्र याच रस्त्याच्या. सासूबाई सांगत की, एखादा ऋणको थोरल्या पातीतून उठून रस्ता ओलांडून धाकटीत राहायला गेला की वसुलीची पंचाईत व्हायची. दादाजी त्यावर म्हणत, आपलं बरं आहे, आपण दोन्हीकडचे. दिवसा एका राजाची प्रजा, रात्री दुसऱ्याची. खरंखोटं कोण बघणार; पण हा किस्सा आमच्या घरात पन्नास वर्षं चालला.

थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीरावांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आम्हा कोल्हापूरकडच्यांचा त्यांच्याशी धागा आहे. १८९९ मध्ये अकरा वर्षांचे असताना ते गादीवर आले. माल्कम डार्लिंग या इंग्रज अधिकाऱ्यानं त्यांना शिकवलं, आणि त्यांच्या ओळखीनं फॉर्स्टर १९१२ च्या नाताळात देवासला आला. १९२१ मध्ये तो पुन्हा आला तो महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून, आणि काही महिने राहिला. त्या वर्षीची गोकुळाष्टमी त्यानं वाड्यात पाहिली. भजनं, गुलाल, महाराजांचं नाचणं, सगळं. 'अ पॅसेज टु इंडिया' या त्याच्या कादंबरीचा शेवटचा भाग त्यातूनच आला. तिथे गवई तुकाराम महाराजांचं नाव घेऊन गातात. जगभर वाचल्या गेलेल्या त्या इंग्रजी पुस्तकात आमचे तुकोबा शिरले ते देहूहून नव्हे, माळव्यातल्या या अर्ध्या गावाच्या राज्यातून.

तुकोजीरावांचं लग्न १९०८ मध्ये शाहू छत्रपतींच्या कन्येशी, आक्कासाहेबांशी झालं. संसार काही सुखाचा झाला नाही. आक्कासाहेब कोल्हापूरला परतल्या. मुलगा विक्रमसिंहराव मोठा झाल्यावर त्याचंही बापाशी फाटलं. राज्य एवढंसं, पण नवा राजवाडा बांधायला काढला तो पुरा होईना, पावसात गळायचा. कर्ज डोंगराएवढं झालं. सरकार चौकशी लावणार असं दिसताच १९३३ च्या अखेरीस महाराज निघाले आणि फ्रेंचांच्या पाँडिचेरीत जाऊन बसले. १९३७ मध्ये तिथेच वारले. फॉर्स्टरनं त्यांच्यावर माया केली आणि पुस्तकात त्यांना साधुपुरुष ठरवलं. मी वाचते तेव्हा मला त्या ६२ हजार माणसांची आठवण येते, ज्यांच्या शेतसाऱ्यातून तो गळका वाडा उभा राहत होता. विक्रमसिंहराव पुढे १९४७ मध्ये कोल्हापूरला दत्तक गेले, तेच शहाजी छत्रपती. लहानपणी दसऱ्याला सोनं लुटायला आम्ही चौकात जायचो तेव्हा त्यांना लांबून पाहिलेलं आठवतं. देवासची सून होणार याची तेव्हा मला काय कल्पना!

हे सगळं मी नातीला फोनवर सांगत गेले आणि ती तिच्या राज्याचं सांगत गेली. आमचा तो दर रविवारचा कार्यक्रमच झाला. रॉजर विल्यम्स नावाचा एक धर्मोपदेशक होता. सरकारनं माणसाच्या श्रद्धेत हात घालू नये असं तो म्हणे, म्हणून मॅसॅच्युसेट्सच्या लोकांनी त्याला हद्दपार केलं. त्यानं १६३६ मध्ये नॅरागन्सेट लोकांकडून जमीन मिळवून प्रॉव्हिडन्स वसवलं. १६६३ मध्ये इंग्लंडच्या राजानं सनद दिली, तिच्यात धर्ममताबद्दल कुणाला त्रास द्यायचा नाही असं लिहून मिळालं. त्यामुळे जे कुणालाच नको होते ते इथे आले. क्वेकर आले, बाप्टिस्ट आले, ज्यू आले. न्यूपोर्टला १७६३ चं ज्यूंचं प्रार्थनामंदिर आजही उभं आहे. आम्हा जैनांना हे ऐकून बरं वाटणारच. जिथे जाऊ तिथे मूठभर असण्याची आम्हाला सवय. आणि गंमत म्हणजे, या चिमुकल्या राज्यालासुद्धा १९०० सालापर्यंत राजधान्या दोन होत्या, न्यूपोर्ट आणि प्रॉव्हिडन्स. त्याच्याही आधी, १८५४ पर्यंत तर पाच! विधिमंडळ बैलगाडीच्या बिऱ्हाडासारखं फिरायचं. हट्टी पण तसेच. इंग्लंडच्या राजाला झुगारण्यात पहिले, १७७६ च्या मे महिन्यात. आणि नव्या देशाची राज्यघटना मान्य करण्यात तेरा जणांत शेवटचे, १७९०.

मग एका रविवारी ती जरा गप्प गप्प होती. म्हणाली, "आजी, आज एक वाईट वाचलं."

वाईट ते असं. श्रद्धेचं स्वातंत्र्य देणाऱ्या याच राज्याच्या बंदरांतून गुलामांच्या व्यापारासाठी नऊशेहून अधिक जहाजफेऱ्या झाल्या. न्यूपोर्टच्या भट्ट्यांत रम गाळायची, ती आफ्रिकेच्या किनाऱ्यावर न्यायची, तिच्या बदल्यात माणसं घ्यायची. लाखाहून जास्त माणसं त्यांनी अशी वाहून नेली. प्रॉव्हिडन्सचं ब्राउन घराणं त्यात होतं. त्यांच्यातही दोन भाऊ. जॉन शेवटपर्यंत या धंद्याची बाजू घेत राहिला आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या नव्या कायद्याखाली त्याच्यावर खटला झाला. मोझेस क्वेकर झाला, १७७३ मध्ये त्यानं आपल्याकडचे गुलाम मुक्त केले आणि पुढे भावाविरुद्ध उभा राहिला. पण त्याच मोझेसनं नंतर सूतगिरणीत पैसा घातला, आणि गिरण्यांना लागणारा कापूस पुढे गुलामांच्याच हातचा येऊ लागला. ज्या विद्यापीठाला या घराण्याचं नाव आहे, त्यानं २००३ मध्ये समिती नेमली आणि २००६ मध्ये आपल्या पैशाचा उगम छापून मोकळं झालं. राज्याच्या पूर्ण नावात शेवटी 'अँड प्रॉव्हिडन्स प्लँटेशन्स' असं होतं. त्या शब्दानं गुलामांच्या मळ्यांची आठवण होते म्हणून ते काढावं का, असं २०१० मध्ये लोकांना विचारलं. लोक नाही म्हणाले. २०२० मध्ये पुन्हा विचारलं, तेव्हा हो म्हणाले.

"एवढ्याशा राज्यानं एवढं पाप कसं केलं गं?" तिनं विचारलं.

मला उत्तर देता येईना. कारण मी त्या वेळी माझ्या कपाटाकडे बघत होते.

कपाटात दादाजींच्या बह्या आहेत. लाल कापडात बांधलेल्या, लांबट. जुनं घर पाडलं तेव्हा माळ्यावरून निघाल्या. मुलगा रद्दीत घालणार होता, मी काढून ठेवल्या. मला त्या वाचता येत नव्हत्या. महाजनी लिपीत काना-मात्रा नसतात. 'काकाजी अजमेर गए' असं लिहिलेलं पत्र 'काकाजी आज मर गए' असं वाचून घरात रडारड झाली, ही गोष्ट इकडच्या प्रत्येक व्यापाऱ्याच्या घरात सांगतात. शेवटी एका म्हाताऱ्या मुनीमजींना मी घरी बोलावलं. ते चार दुपारी येऊन बसले. बोट ठेवून वाचत गेले. गहू, कपाशी, तूप, हुंडी. आणि पानोपानी तीन अक्षरं: अ, फ, म.

अफीम. आपण मराठीत अफू म्हणतो.

आमच्या घरात हे गुपित नव्हतं. उलट अभिमानाची गोष्ट होती, पण वेगळ्या तऱ्हेनं. सासरे प्रत्येक पाहुण्याला सांगत: दादाजींचा अफूचा मोठा धंदा होता, पण संवत १९६२ च्या दसलक्षणात मंदिरात शास्त्रसभा चालली होती, पंडितजींनी विषवाणिज्याचा दोष वाचला, दादाजी तिथल्या तिथे उठले, नियम घेतला आणि दुकानातला सगळा चीक नदीत सोडून दिला. मग धंदा बसला, देवास सुटलं आणि घराणं खातेगावला येऊन धान्याकडे वळलं. ही गोष्ट ऐकत माझी मुलं मोठी झाली. मीही पाठशाळेत मुलांना हीच सांगत असे.

मुनीमजी वाचत होते त्या बहीवर संवत १९६५ होतं. पुढची १९६७. शेवटची अफूची नोंद १९६९ मधली.

संवत १९६९ म्हणजे १९१२-१३. इतिहास थोडा बघितला की त्या सालाचा अर्थ कळतो. माळव्याची अफू शंभर वर्षं चीनला जात होती. शेतकरी बोंडांना चिरा पाडून चीक गोळा करायचा, तो गावचा सावकार घ्यायचा, उज्जैन-इंदूरचे पेढीवाले त्याच्या वड्या करून पेट्या भरायचे. आधी ती चोरवाटांनी दमणला जायची, कारण कंपनी सरकारला मक्ता हवा होता. ते जमेना तेव्हा १८३० च्या सुमारास सरकारनं वाट बदलली: पेटीमागे पैसे भरा, पास घ्या आणि खुशाल मुंबईला न्या. होळकर, शिंदे, धार, देवास, सगळ्या संस्थानांना त्यातून महसूल होता आणि त्यात व्यापाऱ्यांमध्ये आमचे लोक भरपूर होते. इंदूरच्या सर सेठ हुकुमचंदांची अफू-कापसाच्या सट्ट्यातली कीर्ती तर सगळ्यांना माहीत आहे; त्यांचं काचमंदिर बघायला आपण हौसेनं जातो. १९०७ मध्ये चीनशी करार झाला, निर्यात वर्षावर्षानं कमी होत गेली, आणि १९१३ मध्ये चीनकडे जाणारी अफू थांबली.

म्हणजे धंदा दादाजींनी सोडला नव्हता. धंद्यानं दादाजींना सोडलं.

कदाचित नियम घेतलाही असेल आणि मोडला असेल. कदाचित नदीत काही सोडलंही असेल, भिजलेली एखादी पेटी. मुनीमजी शहाणे. ते चष्मा पुसत म्हणाले, "बहूजी, बही झूठ नी बोले, ने घर का लोग बी झूठ नी बोले. दोई को हिसाब अलग रे." मला काही तो हिशेब जमला नाही.

तेराव्या शतकात धारजवळच्या नालछ्यात राहून पंडित आशाधरांनी 'सागारधर्मामृत' लिहिलं. श्रावकानं करू नयेत असे पंधरा धंदे त्यात सांगितले आहेत. त्यांत विषवाणिज्य आहे, म्हणजे विषाचा व्यापार. त्याच यादीत केशवाणिज्यही आहे. लहानपणी मला वाटे, हा केसांचा व्यापार असेल, गंगावनं वगैरे. तसं नाही, केस असलेल्या जिवांचा व्यापार, म्हणजे जनावरांचा आणि दासदासींचा. माझ्या नातीच्या राज्यानं जे केलं ते एका शब्दात, आणि माझ्या सासरच्या घरानं जे केलं ते दुसऱ्या. यादी ज्या माळव्यात लिहिली गेली तिथेच अफू पिकली. वाचून दाखवली जात होती, ऐकली जात होती, आणि संध्याकाळी बही लिहिली जात होती. पुन्हा दोन्ही एकाच रस्त्यावर. मधे ओलांडायचं ते किती!

आणि प्रॉव्हिडन्सचं एक जहाज, त्याच जॉन ब्राउनच्या घराण्याचं, १७८७ मध्ये चीनला निघालं होतं, कँटनला. पुढच्या शतकात माळव्याच्या पेट्या तिथेच उतरत होत्या. आम्ही आजी-नात उगाचच छोटी राज्यं मोजत बसलो होतो.

हे सगळं मी तिला लगेच सांगितलं नाही. आधी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "आई, सोड ना, शंभर वर्षं झाली. बाबूजींची गोष्ट राहू दे तशीच. कुणाचं काय बिघडतं?" हे असते तर काय म्हणाले असते कोण जाणे, ते वडिलांच्या शब्दाबाहेर कधी गेले नाहीत. पाठशाळेतल्या माझ्या मैत्रिणीला विचारलं तर तिनं कानांवर हात ठेवले. "समाजात बोलू नको," एवढंच म्हणाली.

१९४८ च्या मे महिन्यात मध्यभारत झालं आणि दोन्ही पाती त्यात गेल्या. रस्ता एक झाला. होळकरांचं खातेगाव आणि दोन्ही देवास एका जिल्ह्यात आले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला बेळगावकडचे कुमार गंधर्व क्षयानं आजारी होऊन हवापालटासाठी देवासला आले आणि तिथलेच झाले. आता देवास म्हटलं की लोक त्यांचं नाव घेतात, दोन राजांचं कुणाच्या लक्षात नाही. आज त्या मोठ्या रस्त्यावर उभं राहिलं तर कोणती बाजू कुणाची, हे दुकानदारांनाही सांगता येत नाही. मी विचारून पाहिलं आहे.

यंदा क्षमावाणीच्या दिवशी नातीचा फोन आला. 'उत्तम क्षमा' म्हणून झालं. मग मी तिला बहीचं सगळं सांगितलं, संवत १९६९ पर्यंत. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "त्या पानाचा फोटो पाठवशील?"

मी फोटो काढला. हात हलला म्हणून दुसरा काढला. तिन्ही अक्षरं नीट आली आहेत. पुढच्या रविवारी पाठशाळेत मुलं दादाजींची गोष्ट सांगा म्हणणार आहेत, दरवर्षी म्हणतात. बही पिशवीत घालून ठेवली आहे, बरोबर न्यायला.